देवळालीच्या लोकांना 'डूलॅली' शिकवणारं १४९९ रुपयांचं ॲप

आधीच सांगते, ॲपचं नाव लिहिणार नाहीये. एकतर रिफंडचे ईमेल अजून चालू आहेत, आणि दुसरं म्हणजे या छापाची पाच-सहा ॲप आहेत, सगळ्यांचा आयकॉन मेंदू नाहीतर बल्ब, सगळ्यांची जाहिरात तीच की रोज दहा मिनिटं द्या आणि वर्षभरात तीन हजार अवघड इंग्रजी शब्द अर्थ-उच्चारासकट तोंडपाठ. यातलं एखादं घ्यायच्या विचारात असाल तर वाचा, माझे चार महिने त्यात गेलेत.

घेतलं भाचीसाठी. ती एसएससी सीजीएलची (दहावीची नाही, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची परीक्षा) तयारी करतेय, गणितात ठीक आहे पण इंग्रजी आलं की तिचा चेहरा उतरतो, सिनॉनिम, ॲन्टोनिम, वन वर्ड सब्स्टिट्यूशन, त्यात असे शब्द येतात की इंग्रज माणूस पण आयुष्यात दोनदा वापरत असेल नसेल. ताई म्हणाली तूच घे आणि दोघी मिळून वापरा, तुझं पण जरा सुधारेल. (ताई माझ्या इंग्रजीबद्दल असं मोकळेपणाने बोलते.) मी अकाउंट्सला आहे, माझं इंग्रजी म्हणजे 'प्लीज फाइंड अटॅच्ड' आणि 'काइंडली डू द नीडफुल', त्यापुढे गाडी जात नाही. दिवाळीची ऑफर होती, वर्षाचे १४९९, टाकले भरून.

चांगलं आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती खवट आहे. शब्दांचा साठा मोठा आहे, परीक्षेप्रमाणे वेगळ्या याद्या केल्यात, नेट नसलं तरी चालतं, त्यामुळे भाचीचा बसमधला वेळ सत्कारणी लागतो. आणि एक गोष्ट खरोखर कामाची आहे, आज चुकलेला शब्द उद्या परत येतो, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, म्हणजे विसरायच्या बेतात असताना बरोबर दत्त म्हणून उभा. ही काही यांची आयडिया नाही, एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि माणूस किती पटपट विसरतो ते मोजून १८८५ मध्ये छापलं, तिथून हे सगळं सुरू झालं, पण आयडिया कुणाची का असेना, उपयोग होतो. 'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या, हे भाची आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगते.

आता उच्चार. जाहिरातीत यांचा मेन माल हाच आहे म्हणून मी फसवे शब्द टाकून टाकून तपासलं. पहिलाच घेतला 'इपिटमी', म्हणजे एखाद्या गोष्टीचा मूर्तिमंत नमुना. स्पेलिंग बघून कुणीही 'एपिटोम' म्हणेल, आमची आई शाळेत शिक्षिका होती आणि ती तसंच शिकवत आली, तिला सांगितलं तर म्हणे माझ्या वर्गातली पोरं एपिटोम म्हणत म्हणत इंजिनियर झाली. ॲपमध्ये या शब्दाखाली उच्चार लिहिलाय तो रोमन अक्षरांत तुकडे पाडून, यू-एच, मग पी-आय-टी, मग परत यू-एच, मग एम-ई-ई. भाचीने तो वाचला 'उह पिट उह मी'. पानिपतावर जखमी झालेल्या माणसासारखं. मी म्हटलं अगं एवढं नाही गं, 'इपिटमी' म्हण, तर म्हणाली मावशी मग असं लिहीत का नाहीत?

हाच तर माझा पहिला राग आहे. मराठी सेटिंग घेतलेलं, मेन्यू मराठीत, अर्थ मराठीत, आणि उच्चार मात्र अमेरिकन माणसाला समजेल अशा तुकड्यांत. इंग्रजीत तो जो उलटा ई काढतात, तो अर्धवट, जोर नसलेला आवाज, तो म्हणजे जवळजवळ आपला अ आहे, बाराखडीत प्रत्येक अक्षरात फुकट बसलेला. इपिटमीतला 'ट' आपण कसा म्हणतो? बस, तोच. इंग्रजांना त्यासाठी वेगळं चिन्ह काढावं लागलं आणि आपण ते पहिलीत शिकतो. शिवाय ॲ आणि ऑ आपण इंग्रजी शब्दांसाठी ठेवलेलेच आहेत, बॅट आणि बॉल लिहायला. देवनागरीत सगळं बसतं असं नाही म्हणत मी, जोर कुठे द्यायचा ते दाखवायची सोय नाही, आणि तीच आपली खरी अडचण आहे. आपण मराठी माणसं सगळ्या अक्षरांना सारखं वाटप करतो, रेशनसारखं. इंग्रजीत तसं नाही, फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफर म्हटलं की तो उडी मारून 'टॉ'वर जातो आणि 'फो'चा नुसता 'फ' उरतो, आणि फोटोग्राफिक म्हटलं की अजून पुढे 'ग्रॅ'वर. हे ॲपने एकदाही समजावलेलं नाही, नुसतं जोराचं अक्षर ठळक केलंय, ते ठळक का आहे हे भाचीला दीड महिना माहीतच नव्हतं, तिला वाटलं डिझाइन आहे.

का असं म्हणतात हे तर विचारूच नका. मी रोज रिसीट आणि डेट (कर्जवाला, तारखेचा नाही) या शब्दांत जगते. डेबिट म्हणताना बी बोलायचा आणि डेट म्हणताना गिळायचा, हे वीस वर्षं करतेय. ॲपवर उघडलं तर 'बी सायलेंट आहे', संपलं. हे मेरियम-वेबस्टरच्या साइटवर वाचलं तेव्हा मजा आली, की शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच, लिहिताना पण नव्हता. पुढे विद्वान मंडळींना वाटलं याचं लॅटिन 'डेबिटम'शी नातं दिसायला पाहिजे, म्हणून स्पेलिंगमध्ये बी घुसवला, लोकांनी लिहायला सुरुवात केली पण तोंडाने कोणी मानलं नाही. रिसीटमधला पी तसाच नंतर आलेला. 'इन्डाइट' म्हणजे आरोप ठेवणे, त्यातला सी तसाच, आणि 'व्हिटल्स' म्हणजे खाण्यापिण्याचं सामान, ज्याचं स्पेलिंग बघून मी व्हिक्च्युअल्स म्हणत होते, त्यातला सी पण लॅटिनच्या हौसेपायी. ही एक गोष्ट कळली आणि चार शब्द एका फटक्यात कायमचे डोक्यात बसले. ॲपमध्ये हे चारही शब्द चार वेगवेगळ्या लेव्हलला आहेत आणि चौघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

आवाज मशीनचा आहे आणि डिफॉल्ट अमेरिकन. अण्णा, म्हणजे माझे वडील, देवळालीच्या तोफखाना शाळेत क्लार्क होते, सगळा जन्म फौजी लोकांत गेलेला. एका संध्याकाळी ते पेपर वाचत बसलेले आणि फोनमधून आवाज आला 'लूटेनंट'. अण्णांनी चष्मा खाली केला आणि म्हणाले, हा कोण लूटेनंट, लुटायला आलाय का? तर अमेरिकेत लूटेनंटच म्हणतात, ब्रिटिश लेफ्टनंट म्हणतात आणि आपल्या फौजेत पण लेफ्टनंटच. दोन्ही बरोबर, पण ॲपने ते सांगायला नको? ब्रिटिश आवाज आहे, पण सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत आणि तिथे पोचल्यावर कळतं की तो 'प्रो प्लस'मध्ये आहे. त्याचे वेगळे पैसे. आणि कर्नल! स्पेलिंगमध्ये आर औषधाला नाही, तरी उच्चार कर्नल, कारण हा शब्द युरोपात एल आणि आर अशा दोन्ही रूपांत फिरत होता, इंग्रजीने लिहायला एक ठेवलं आणि बोलायला दुसरं. आपण मराठीत कानाने ऐकून घेतला म्हणून आपलं कधी चुकलंच नाही. हे ऐकून अण्णा फार खूश झाले, जणू त्यांनीच लावलाय शोध.

बाहेरून आलेल्या शब्दांत मशीन पार गळपटतं. 'खुत्स्पा' हा यिडिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) शब्द, म्हणजे निलाजरं धाडस, चोरी करून वर पावती मागायची तसलं. तो सुरुवातीचा आवाज घशातून घासून काढायचा ख आहे, इंग्रजी लोक बिचारे ह म्हणून भागवतात, आपल्याला तर काहीच जड नाही. मशीन म्हणालं 'चट्झपा'. तीनदा ऐकलं. तीनदा चट्झपा.

पण खरी करमणूक माइकची. तुम्ही शब्द बोलायचा आणि ते टक्के देणार. जेलस आणि झेलस या जोडीवर आमचे दोन दिवस गेले. झेलस म्हणजे एखाद्या कामाने झपाटलेला, आणि जेलस आपल्याला माहीतच आहे. मराठी जिभेचा घोळ असा की आपला ज दोन तऱ्हेचा, जीवनातला वेगळा आणि जावयातला वेगळा, आणि लिहायला एकच. त्यामुळे भाची जेलस म्हणायला जायची आणि जावयातला ज यायचा, ॲप म्हणायचं चूक, मग झेलस म्हणायला जायची तर झाडातला झ, परत चूक. मी तिला म्हटलं जीवनातला ज धर जेलसला, आणि झेलसला मधमाशीसारखं झूं करून सुरू कर, मग जमलं. गंमत म्हणजे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत, ग्रीक 'झेलोस'वरून, एक फ्रेंच वाटेने फिरून आला म्हणून त्याचा ज झाला. हे पण ॲपने सांगितलं नाही. आणि या माइकवर विश्वास कितपत ठेवायचा ते ऐका, एकदा 'सुसरस' हा शब्द चालू होता, म्हणजे पानांची सळसळ, भाची तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि ॲपने कुकरला ६१ टक्के दिले. 'गुड ट्राय!' त्याच्या आदल्या दिवशी मला त्याच शब्दाला ५४ होते.

आता मराठी अर्थ, इथे तर मी थेट एक स्टार देईन. अर्धे शब्द हिंदी आहेत आणि अर्धे मशीनने केलेले. 'सिकफन्ट' म्हणजे काय? ॲप म्हणतं 'चापलूस'. अरे लाळघोट्या आहे, खुशमस्कऱ्या आहे, हांजी हांजी करणारा आहे, मराठीत या जमातीसाठी शब्दांची कमी आहे का? 'हेनपेक्ड'चा अर्थ दिलाय 'कोंबडीने टोचलेला'. ताटाखालचं मांजर म्हटलं असतं तर प्राणी बदलला असता पण माणूस बरोबर सापडला असता. 'क्रेस्टफॉलन' म्हणजे हिरमुसलेला, तर इथे 'शिखर पडलेले'. तो क्रेस्ट म्हणजे कोंबड्याचा तुरा हो, तुरा पडलेला कोंबडा डोळ्यासमोर आणा, हिरमुसलेला बरोबर दिसतो. 'लुगूब्रियस'ला 'शोकाकुल' लिहिलंय, चूक नाही, पण भाचीच्या लक्षात राहीना, मी म्हटलं सुतकी चेहऱ्याचा, आमच्या ऑफिसात एक आहेत तसे, झालं, राहिला.

हे अर्थ लावता लावता एक नादच लागला. इंग्रजीत जो शब्द हजारात एकाला माहीत, तो आपल्याकडे आजी रोज वापरते. 'पॅन्डिक्युलेशन' ऐकून वाटतं मोठं ऑपरेशन आहे, तर ते आहे आळोखेपिळोखे देणं. 'हॉरिपिलेशन' म्हणजे अंगावर काटा. 'बॉर्बरिग्मस' म्हणजे पोटातली गुडगुड, हा शब्द त्यांनी पण आवाजावरूनच केलेला दिसतो. 'ओव्हरमॉरो' म्हणजे परवा, यांनी वापरणं सोडून दिलं आणि आता 'द डे आफ्टर टुमॉरो' एवढं लांबण लावतात, आपल्याकडे परवा तर आहेच, वर तेरवा पण आहे. 'अप्रिसिटी' तर मला इतका आवडला, थंडीतल्या उन्हाची ऊब, हा १६२३ साली हेन्री कॉकरम नावाच्या माणसाच्या डिक्शनरीत नोंदलेला शब्द, पुढे कोणी फारसा वापरलाच नाही. आणि आम्ही नाशिककर डिसेंबरात दुसरं काय करतो, गच्चीवर ऊन खात बसतो. ऊन खाणं! इंग्रजांना ऊब म्हणायला शब्द शोधावा लागला, आपण ते खातो. 'पेट्रिकॉर'ला ॲपने 'पावसाचा वास' लिहून हात झटकले. मृद्गंध आहे ना राजा. इंग्रजीत तो शब्द १९६४ मध्ये तयार झाला, ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये लेख लिहिला तेव्हा, ग्रीकमधला दगड आणि ग्रीक देवांच्या अंगातलं रक्त असे दोन शब्द जोडून. आपल्याकडे कनौजला मातीचं अत्तर काढतात ते वेगळंच.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो शब्द. लेव्हल ३४. 'डूलॅली'. विशेषण, अनौपचारिक, ब्रिटिश. अर्थ, डोकं फिरलेला. खाली 'मूळ' असा रकाना आहे, त्यात एक डॅश.

डॅश! मी देवळाली कॅम्पात ज्या पलंगावर बसून हे वाचत होते तिथून स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर आहे. डूलॅली म्हणजे देवळाली हो. ब्रिटिशांनी १८६१ मध्ये इथे छावणी केली, मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत इथे राहायचे. बोटी हिवाळ्यातल्या ठरावीक महिन्यांतच सुटायच्या, त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली तो महिनोन् महिने इथे बसून, हाताला काम नाही, ऊन, दारू, मलेरिया. मग त्यांचं डोकं फिरायचं, आणि बाकीचे म्हणायचे याला 'डूलॅली टॅप' झालाय. तो टॅप पण नळ नाही, तो आपला ताप. म्हणजे अख्खा देवळालीचा ताप इंग्रजीत गेला आणि पुढे ताप उतरून नुसती डूलॅली राहिली. अण्णांना हे माहीत होतं, तोफखान्यात सगळ्यांना माहीत असतं म्हणे, फक्त आम्हाला कधी सांगितलं नाही. का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाले, आपल्या गावाचं नाव वेड्याला दिलंय, त्यात सांगण्यासारखं काय आहे.

मग मी पेटलेच आणि आपल्याकडून गेलेले बाकीचे शब्द काढले. 'मॉन्गूस', मूळ लिहिलंय 'हिंदी'. नाही, मराठी मुंगूस आहे तो, चांगल्या इंग्रजी डिक्शनऱ्या मराठीच सांगतात, हिंदीत त्याला नेवला म्हणतात. (अनेकवचन मॉन्गूसेस, गूसचं गीस होतं म्हणून मॉन्गीस करू नका, भाचीने केलं होतं.) 'डंगरी', ती जाडजूड कामाची पँट, मुंबईतल्या डोंगरीवरून, तिथे जाडंभरडं कापड मिळायचं. ॲपमध्ये परत डॅश. मी तिन्ही शब्दांबद्दल सपोर्टला ईमेल केला, छान सविस्तर, देवळाली स्टेशनच्या पाटीचा फोटो पण जोडला. दोन दिवसांनी उत्तर आलं, तुमचा मौल्यवान फीडबॅक टीमपर्यंत पोचवला आहे. त्याला आता नऊ आठवडे झाले. डॅश आहे तिथेच आहे.

मग आम्ही काय केलं ते सांगते, एक रुपया लागलेला नाही. उच्चारासाठी केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी, तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी असतात, दाबा आणि ऐका, अण्णांना लेफ्टनंट पण मिळाला. फोर्वोवर जगभरातल्या माणसांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं असतं, खुत्स्पा तिथे ऐकला. यूग्लिशवर शब्द टाकला की यूट्यूबच्या व्हिडिओत तो जिथे कुणी बोललंय नेमकी ती जागा उघडते, मग कळतं की माणसं वाक्यात तो कसा पटकन बोलून मोकळी होतात. आणि एक दोनशे पानी वही. एका ओळीत इंग्रजी स्पेलिंग, शेजारी देवनागरीत उच्चार, ज्या अक्षरावर जोर त्याच्याखाली लाल रेघ, आणि अर्थ आमच्या घरच्या भाषेत. रोज पाच शब्द, जास्त नाही. पहिले पंधरा दिवस भाची कुरकुरली की फोनवर आहे तर लिहायचं कशाला, आता तीच वही कोणाला हात लावू देत नाही. परीक्षेत उच्चार विचारत नाहीत हे मला माहीत आहे, पण नीट म्हणता आलेला शब्द तिच्या लक्षात राहतो आणि अडखळलेला जातो, हे मी रोज बघतेय. आई पण वहीत डोकावते, इपिटमीसमोर पेन्सिलने 'एपिटोम' लिहून ठेवलंय.

तर स्टार. शब्दांच्या याद्या आणि उजळणीला चार, उच्चाराला दोन, माइकला कुकरसकट एक, मराठी अर्थाला एक. एकूण पाचातले दोन. ज्याचं इंग्रजी मुळात बरं आहे, ज्याला मराठीची गरज नाही आणि फक्त उजळणी हवीय, त्याने सेलमध्ये महिन्याचा प्लॅन घेऊन बघावा, वर्षाचा नको. फ्री ट्रायल सात दिवसांची आहे पण ती सुरू करतानाच कार्ड मागतात आणि आठव्या दिवशी न विचारता वर्षाचे पैसे कापतात, म्हणून सहाव्या दिवसाचा अलार्म लावा. आणि नुसतं ॲप डिलीट करून सब्स्क्रिप्शन बंद होत नाही बरं का, प्ले स्टोअर उघडायचं, वर उजवीकडे आपल्या फोटोवर दाबायचं, पेमेंट्स अँड सब्स्क्रिप्शन्समध्ये जायचं आणि तिथून कॅन्सल करायचं. माझं कॅन्सल केलंय, पण भरलेत तोपर्यंत चालणार, म्हणून अधूनमधून लेव्हल ३४ उघडून बघते डॅश हलला का.